समासातले साठ प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, सत्तरीला टेकलेले, शिक्षण जुनी अकरावी. आयुष्यभर बाग आणि बेदाणा केला. तो अनुभव त्यांनी वह्यांमध्ये लिहून काढला. सुनेनं तो डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला आणि पहिली दोन प्रकरणं सांगलीत घरून काम करणाऱ्या एका संपादक बाईंकडे दिली. प्रकरणं परत आली ती समासात साठेक प्रश्न घेऊन. घराण्याची हकिगत सांगणारं पहिलं प्रकरण शेवटी नेलेलं, वाक्यं मोडून पुन्हा जुळवलेली, काही शब्द बदललेले. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, "दुसऱ्यानं लिहिलेलं पुस्तक तुझं कसं?" पुतण्या म्हणतो, बाईंना पैसे कशाला, एआय पाच मिनिटांत करून देईल. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात पुस्तक चार लोकांच्या हातात द्यायचं, असं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात: "माझं लिखाण इतकं वाईट आहे का? काम काढून घ्यावं, की आहे तसं छापावं? आणि बाईंनीच सगळं नीट केलं, तर वर माझं एकट्याचं नाव घालणं ही लबाडी नाही का?"

तात्या, नमस्कार.

पत्राखाली तुम्ही ‘तात्या’ एवढीच सही केली आहे, तेव्हा मीही तसंच म्हणते.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या आधी, न विचारलेल्या एकाकडे येते. ‘आमचं शिक्षण ते किती’ हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा आलंय. बाईंनी आपल्याला अडाणी ठरवलं, हे तुम्हाला लागलंय. साठ प्रश्न म्हणजे साठ चुका, असा हिशेब तुम्ही मनाशी मांडून टाकलाय. म्हणून तुम्ही जोडलेल्या चार पानांचा मी आधी मजकूर सोडून फक्त समास वाचला.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल त्या समासात एकही प्रश्न नाही. वेलांट्या-उकार त्यांनी गुपचूप दुरुस्त केलेत, त्याची चर्चासुद्धा केलेली नाही. प्रश्न आहेत ते असे: ‘उशिरा म्हणजे कोणत्या आठवड्यानंतर?’ ‘नेहमीचं माप म्हणजे किती लिटरला किती?’ ‘मागच्या पानावर सबकेन टाळली असं आहे, इथे घेतली असं आहे, दोन वेगळी वर्षं आहेत का?’ (इतर वाचकांसाठी: सबकेन म्हणजे फुटीचा शेंडा खुडून तिच्यावर वाढवलेली उपकाडी.) आणि ज्यावर तुमच्या घरात हसून लोळण झाली म्हणता तो, ‘गणेश म्हणजे कोण?’

हसा खुशाल. पण तुमचं वाक्य काय आहे? ‘त्या साली गणेशनं आम्हाला तारलं.’ तासगावच्या माणसाला कळतं की ही तास-ए-गणेश, थॉमसन जातीतून तुमच्याच तालुक्यात निवडलेली द्राक्षाची जात. जतच्या माळावर यंदा पहिल्यांदा बाग लावणाऱ्या पोराला तुमचा एखादा चुलतभाऊ डोळ्यांसमोर येईल. पुस्तक कुणासाठी, याचं उत्तर तुम्हीच पत्रात दिलंय: ‘नव्या पोरांसाठी.’ बाई त्या पोराच्या जागी बसून वाचतायत. त्यांना द्राक्षातलं फारसं कळत नाही ही तुमची तक्रार आहे. मला ती या कामापुरती जमेची बाजू वाटते.

आता एक वाक्य नीट बघू. (इतर वाचकांसाठी: द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये ‘खरड’ आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी. ‘डोळा’ म्हणजे काडीवरचा कोंब, ‘माल’ म्हणजे घड.) तुम्ही लिहिलंय:

‘फुटी विरळून नेहमीप्रमाणे सबकेन करून घेतली व पाऊसपाणी लागल्यामुळे डोळ्यात माल कमी राहून ऑक्टोबरला जो फटका बसायचा तो बसला आणि ज्यांनी खरड मागे ठेवली त्यांना जास्त.’

बाईंनी केलंय:

‘एप्रिलची खरड छाटणी लांबली, की काडीच्या डोळ्यांत घड तयार व्हायचे दिवस पावसाळी, ढगाळ हवेत सापडतात. ऊन कमी पडलं, की डोळ्यांत घडही कमी धरतात. पण हे तेव्हा कळत नाही. कळतं ते ऑक्टोबर छाटणीनंतर, फुटी बाहेर पडल्यावर. त्या वर्षी आमचं तेच झालं. ज्यांनी खरड आणखी मागे ठेवली होती, त्यांचं नुकसान जास्त.’ आणि समासात: ‘मला समजलं ते बरोबर आहे का? लांबली म्हणजे कधीपर्यंत?’

दोन्ही सावकाश वाचा आणि सांगा, दुसऱ्या परिच्छेदात तुमच्या माहितीबाहेरचं काय आहे? काहीच नाही. तुमच्या वाक्यात परिणाम आधी आणि कारण सर्वांत शेवटी, तेही ‘त्यांना जास्त’ एवढ्यावर तुटलेलं. मधली एक पायरी, म्हणजे उन्हाचा आणि घडाचा संबंध, तुम्ही लिहिलीच नाही, कारण ती तुम्हाला इतकी पाठ आहे की ती सांगायची असते हेच सुटलं. हे शिक्षण कमी असल्यानं झालेलं नाही. माझ्याकडे डॉक्टरांची, इंजिनिअरांची, निवृत्त प्राध्यापकांची हस्तलिखितं येतात, त्यांतही हीच खोट असते. माणूस एखाद्या गोष्टीत जितका मुरलेला, तितक्या त्याच्या लिहिण्यातल्या पायऱ्या गळतात. (प्राध्यापकांच्या तर सर्वांत जास्त गळतात, आणि ते प्रश्न विचारल्यावर तुमच्यापेक्षा जास्त रागावतात.)

बांधावर उभं राहून कुणी पोरानं ‘तात्या, असं का हो झालं?’ विचारलं असतं, तर तुम्ही अगदी ओळीनं सांगितलं असतं. वहीसमोर बसल्यावर विचारणारं कुणी नव्हतं. बाई आता विचारतायत.

मित्रांच्या टोमण्याकडे येते. तासगावात बाग सल्लागाराशिवाय होत नाही, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. तो ठरलेल्या दिवशी प्लॉटवर येतो, पानं उलटून बघतो, डावणी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, कुठे दिसते दाखवतो, फवारणी लिहून देतो, फी घेऊन पुढच्या बागेत जातो. माल निघाल्यावर आजवर कुणी म्हटलंय का, की हे घड सल्लागाराचे? कट्ट्यावरच्या मंडळींना एवढंच विचारा.

लबाडीचा प्रश्न मात्र तुम्ही मनापासून विचारलाय, म्हणून थोडी फोड करते. लेखनाला मदत करणारी कामं तीन-चार तऱ्हांची असतात आणि लोक सगळ्यांना सरसकट ‘तपासून देणं’ म्हणतात. मुद्रितशोधन म्हणजे छापण्याआधी अक्षरांच्या, चिन्हांच्या चुका काढणं. भाषेचं संपादन म्हणजे वाक्य सरळ करणं, पुनरुक्ती काढणं. रचनेचं संपादन म्हणजे काय आधी, काय नंतर, काय गाळायचं, कुठे भर हवी ते सुचवणं. बाई तुमच्यासाठी ही दोन्ही संपादनं करतायत. चौथं काम शब्दांकन: तुम्ही बोलायचं आणि दुसऱ्यानं बसून सगळं लिहायचं. पहिल्या तिन्हींत लेखक तुम्हीच. शब्दांकनात मात्र लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून जायला हवं, आणि हक्क कुणाचे हे आधी कागदावर यायला हवं. तुमचं तसं नाही. मजकूर तुमच्या वह्यांत आहे, निष्कर्ष तुमचे आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर असं आहे, की उद्या तुम्ही पुस्तकाचे हक्क कुणाला विकलेत तरी ‘मी याचा लेखक’ म्हणण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. वर तुमचं एकट्याचं नाव घाला. आत ‘संपादन’ म्हणून बाईंचं नाव द्या, त्यांना चालत असेल तर. काही संपादकांना नाव नको असतं, विचारून घ्या.

इथवर मी बाईंच्या बाजूनं बोलले. आता तुमच्या बाजूनं.

तिसऱ्या पानावर तुम्ही ‘घड जिरले’ लिहिलंय आणि त्यांनी ‘घड नष्ट झाले’ केलंय. हे चुकलं. द्राक्षवाल्यांच्या बोलण्यात जिरणं म्हणजे नेमकी एक गोष्ट: फुटीबरोबर दिसलेला बारका घड पुढे वाढलाच नाही, त्याची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, झाली. गारपिटीनं किंवा करप्यानं गेलेला घडही नष्टच होतो, पण तो जिरत नाही. वाक्य गुळगुळीत झालं आणि माहिती गेली. असे बदल निमूट मान्य करायचे नाहीत. रागही नको. ‘हा शब्द असाच राहील, अर्थ असा’ एवढं समासात लिहा. त्याहून बरं म्हणजे पन्नासेक शब्दांची यादीच करून द्या: खरड, सबकेन, पेस्टिंग, बाळी, भुरी, तुमच्या रानातले जे काही असतील ते, आणि प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ. चांगला संपादक ती यादी हातात ठेवून काम करतो, आणि पुस्तकाच्या शेवटी तीच शब्दसूची म्हणून छापताही येते.

‘आमची भाषा काढून टाकली’ हे तुमच्या मंडळींचं म्हणणं थोडं खरं, थोडं नाही. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम, १९६२चे १४ आणि १९७२मध्ये आलेले आणखी ४, हे शब्द कसा लिहायचा ते सांगतात. कोणता शब्द वापरायचा ते सांगत नाहीत. ‘पीक’ची वेलांटी दुसरी आणि ‘पिकाला’ची पहिली हेच का, यावर बाईंशी वाद घालू नका, वेळ जाईल. ‘जोंधळा मोडून बाग लावली’ यातल्या जोंधळ्याची ‘ज्वारी’ झाली असेल, तर वाद जरूर घाला. आणि तुमच्या वडिलांच्या तोंडची वाक्यं जशी ते बोलायचे तशीच राहू द्या. पात्राच्या तोंडच्या बोलीला त्या नियमांतही जागा आहे.

घराण्याच्या प्रकरणाचा निकाल देणं मला जड गेलं. ते तुमचं सर्वांत लाडकं प्रकरण आहे हे दिसतं. पण पुस्तक उघडल्यावर नव्या पोराला पणजोबांच्या इनामाची हकिगत आधी पार करावी लागली, तर तो छाटणीपर्यंत पोचणार नाही. बाईंनी ते शेवटी नेलं ते बरोबर. फक्त १९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी जोंधळा मोडायचं ठरवलं, आजी आठ दिवस बोलली नाही, आणि पहिल्या काड्या शेजारच्या गावातून डोक्यावरून आणल्या, ही दोन पानं मी पुढे ठेवीन. ती बागेची गोष्ट आहे, घराण्याची नाही. बाईंना तसं सुचवून बघा. आणि उद्या तुम्ही ठरवलंत, की पुस्तक नव्या पोरांसाठी नसून भावकीसाठी आहे, तर सगळा क्रम उलटा करायला तुम्ही मोकळे आहात. पण ते आधी सांगा, सगळं झाल्यावर नको.

पुतण्या अगदीच चुकीचं सांगत नाही. लांबलचक वाक्याचे तुकडे पाडणं, टायपिंगच्या चुका काढणं, ही कामं यंत्र बरीचशी करतं आणि हाताशी पैसे नसतील तर तेवढ्यापुरता त्याचा आधार घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या वाक्यात जी पायरी गळलीय ती गळलीय, हे ते आपणहून सहसा विचारत नाही. ते वाक्य सुबक करून देतं, आणि कधी गळलेल्या जागी स्वतःच काहीतरी बसवतं. तुमच्या बेदाण्याच्या प्रकरणात ‘द्रावण नेहमीच्या मापानं करावं’ एवढंच आहे (द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात ते). तिथे यंत्रानं एखादा आकडा ठोकून दिला आणि तो तुमच्या नजरेतून निसटला, तर एखाद्याचा शेडवरचा माल जाईल. वापरलंत तर बाईंकडे देण्याआधी, आणि बाईंना सांगून.

आहे तसं छापायचं म्हणाल, तर छापा, कोण अडवणार! पाहुण्यांना वाटायला ते पुरेल. सांगलीच्या बेदाण्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माल दूरवर ओळखला जातो, पण तो करणाऱ्या माणसानं स्वतः लिहून ठेवलेलं फार थोडं आहे. म्हणून तुमच्या वह्या नुसत्या पाहुण्यांत वाटून संपाव्यात, असं मला वाटत नाही. हा माझा स्वार्थ समजा.

तेव्हा काम काढून घेऊ नका. पण ते जसं चाललंय तसंही नको.

आधी कागद करा. मोठा करारनामा नको, एका पानाचं पत्र पुरे. काम कोणतं (भाषा, रचना, की दोन्ही), किती फेऱ्या, पैसे पानावर की शब्दांवर की एकरकमी, पानावर असतील तर पान म्हणजे किती शब्द, आगाऊ किती, आणि मध्येच थांबलं तर हिशेब कसा. शेवटचा शब्द लेखकाचा, हेही त्यात लिहा. घरून काम करणाऱ्या बाईंच्या दृष्टीनंही हे बरंच. ‘जरा नजर टाकून द्या’ म्हणत अख्खं पुस्तक पुढे सरकवणारे लोक त्यांनाही रोज भेटत असतात.

मग फाइल. बाईंनी प्रिंटवर पेनानं काम केलंय, त्यावरून वाटतं की डीटीपीवाल्यानं मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बसवलाय. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल अशा अक्षरांत, करून घ्या. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, सुनेला एकदा मूळ वहीशी ताडून बघायला सांगा. नंतर वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून काम झालं, की प्रत्येक बदल रंगात दिसतो आणि एकेक बदल ठेवता किंवा परतवता येतो. तुमची निम्मी भीती ‘माझ्या मागे काय बदललं कोण जाणे’ ही आहे, ती यानं जाईल.

आणि प्रश्नांची उत्तरं लिहू नका, बोला. सुनेनं एकेक प्रश्न वाचायचा, तुम्ही मोबाइलवर उत्तर बोलायचं, ती व्हॉट्सअॅपवर बाईंना पाठवेल. रोज संध्याकाळी पाच प्रश्न घ्या. जे उत्तर देताना ‘हे तर कुणालाही कळेल’ असं वाटेल, ते जरा सविस्तर द्या. सगळ्याच प्रश्नांना उत्तर हवं असंही नाही. ‘कुणी सांगितलं?’ या प्रश्नावर ज्याचं नाव घेणं तुम्हाला बरं वाटत नाही, तिथे ‘हे वाक्य काढून टाका’ हेसुद्धा उत्तरच.

संक्रांतीचा नाद सोडा, तात्या. दोनच प्रकरणं झालीत. पुढे सगळ्या पुस्तकाच्या दोन फेऱ्या, मांडणी, मुद्रितं, छपाई. तुमची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. डिसेंबरात तुम्ही विरळणीच्या मजुरांमागे असाल की मुद्रितं वाचत बसाल? औदुंबरला रिकाम्या हातानं जायचं नसेल, तर बेदाण्याचं एकच प्रकरण नीट करून त्याची सोळा-वीस पानी पुस्तिका काढा. ती वाचून जे लोक प्रश्न विचारतील, ते पुस्तकासाठी टिपून घ्या. बाकीचं पुढच्या खरड छाटणीनंतर, पावसाळ्यात.

जाता जाता, मिरजेहून एका संशोधक मुलीनं जवळपास असंच विचारलंय, म्हणून तिलाही इथेच सांगते. प्रबंधाची भाषा संपादकाकडून नीट करून घेता येते, पण मार्गदर्शकांना आधी सांगून, विद्यापीठाचे नियम बघून, आणि ऋणनिर्देशात तसं लिहून. युक्तिवाद मात्र कुणी रचून द्यायचा नाही. तात्यांच्या पुस्तकात बाई प्रकरणांचा क्रम बदलू शकतात. तुझ्या प्रबंधात तो तूच बदलायचा.

शेवटचं काम, तात्या, बाईंवर टाकू नका. पुस्तकातला प्रत्येक आकडा छपाईआधी तुम्ही स्वतः, एका जाणत्या बागायतदाराला शेजारी बसवून, मोठ्यानं वाचून तपासायचा. बेदाण्याच्या द्रावणाला लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट ही शिफारस आहे. तुम्ही वेगळं माप वापरत असाल तर तसं लिहा आणि का ते लिहा. संपादकाला ‘२५’च्या जागी ‘२५०’ पडलेलं खटकेलच असं नाही. तुम्हाला खटकेल.